जिन्यात राहून गेलेलं रबराचं झाड घरी आणलंय. कुंडी आत्ता बदलू की थांबू?

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना नीट कळेल.

आमच्या इमारतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक रबराचं झाड आठ-नऊ महिने उभं होतं. बिऱ्हाड गेलं, झाड मागे राहिलं. येता-जाता दिसायचं, कोणीतरी पाणी घालत असेल असं मी धरून चालले होते. गेल्या आठवड्यात हातातल्या पिशव्या टेकवून दम खायला तिथे थांबले आणि सहज एका पानावरून बोट फिरवलं. धुळीचा जाड थर निघाला आणि खाली पान अजून गडद हिरवं होतं. मग राहवेना. त्या बिऱ्हाडातल्या काकूंना फोन करून विचारलं. म्हणाल्या, "ने गं बाई, खुशाल ने. सामानाच्या गाडीत ते उभं राहीना म्हणून ठेवावं लागलं. अजून आठवण येते त्याची." तेव्हा झाड रीतसर विचारून आणलंय.

आता अवस्था सांगते. उंची साधारण साडेचार फूट. पानं फक्त शेंड्याला, मोजून सात. खाली नुसता दांडा. मातीची ८ इंची कुंडी, तिच्यावर बाहेरून पांढरे क्षार फुटलेत. आधाराच्या काठीला खोड सुतळीने बांधलंय आणि ती सुतळी सालीत रुतलीय. दोन पानांच्या मागे मधल्या शिरेलगत तपकिरी, चपटे ठिपके आहेत. नखाने काढले तर निघतात, पण हाताला चिकट लागतं. आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे, पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं. वरची माती उकरली तर आत भुकटी.

मी आतापर्यंत फक्त पानं ओल्या फडक्याने पुसली आणि पाणी घातलं. कुंडी लहान दिसतेय, पण आधीच खचलेल्या झाडाची मुळं हलवू नयेत असं सगळीकडे वाचलं. वाट बघत बसले तर ते हातचं जाईल अशीही भीती आहे. शेंडा छाटला तर खालून फुटेल का? घरात एक खिडकी आहे, तिथे दुपारचं कडक ऊन येतं. तिथे ठेवू का? मला हे झाड वाचवायचंच आहे.

प्रतिसाद

ताई, आधी किती जीव शिल्लक आहे ते बघा. दांड्यावर खालच्या बाजूला नखाने जरासं खरवडा. आत हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर थोडं वर जाऊन पुन्हा बघा. चिकाने त्वचेला खाज सुटते, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, त्यामुळे हातमोजे घाला. घरात मांजर-कुत्रं असेल तर त्यांना पानं चावू देऊ नका.

उन्हाचं म्हणाल तर थेट खिडकीत नको. इतके महिने अंधारात राहिलेली पानं कडक उन्हात भाजतात आणि भाजलेला डाग परत हिरवा होत नाही. खिडकीपासून चार-पाच फुटांवर ठेवा आणि दोनेक आठवड्यांत हळूहळू जवळ न्या.

प्रतिसाद

सुतळी आजच कापा, बाकी सगळं नंतर. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. साल आवळली गेली की मुळं उपाशी राहतात. कात्रीचं टोक अलगद घालून कापा, ओढू नका. खोल रुतलेला तुकडा निघत नसेल तर तसाच राहू दे, वेढा तुटला की काम झालं. परत बांधायचं तर जुन्या सुती कापडाची पट्टी घ्या आणि खोड आणि काठीच्या मध्ये एक पीळ देऊन सैल बांधा.

प्रतिसाद

कुंडी बदलायला अजिबात घाई करू नका. माती पूर्ण वाळली की, विशेषतः कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर, ती पाणी धरतच नाही. बादलीत कुंडीच्या गळ्यापर्यंत पाणी घ्या आणि कुंडी पाऊण तास बुडवून ठेवा. नंतर निथळू द्या. महिनाभर एवढंच.

प्रतिसाद

+१. आणि खत तर मुळीच नको. तहानलेल्या मुळांना क्षार सोसत नाहीत. नवीन पान येईपर्यंत खताच्या डब्याला हात लावू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सुतळी कापली. सालीवर खाच पडलीय, पण खाचेच्या खाली खरवडलं तर हिरवं आहे आणि चीकही आला!

बादलीचा उपाय केला. पाऊण तास नव्हे, दीड तास ठेवली. बुडबुडे आले ते सगळे कडेने. नंतर मधोमध बारीक काडी वीतभर खुपसून बघितली, ती कोरडीच बाहेर आली. हे कसं काय?

प्रतिसाद

म्हणजे पाणी मुळांच्या गोळ्यात शिरतच नाहीये. कुंडीच्या आतल्या कडेने बोट खाली घाला आणि हाताला काय लागतं ते सांगा. मला एक शंका आहे.

धागाकर्ती

प्लास्टिक लागलं!

वर दोन बोटं माती होती, तिच्याखाली रोपवाटिकेची काळी पिशवी. झाड पिशवीसकट कुंडीत बसवलेलं होतं. इतकी वर्षं. आम्ही वरून घातलेलं पाणी पिशवी आणि कुंडीच्या मधल्या फटीतून सरळ खाली जात होतं.

आता ते बाहेर काढलंय. पिशवीच्या तळाच्या भोकांतून चार मुळं बाहेर आलीत. त्यातलं एक जवळजवळ पेन्सिलीएवढं जाड आहे. भोकाच्या जागी आवळलेलं आणि अलीकडे-पलीकडे फुगलेलं, अगदी डमरूसारखं. एवढ्याशा भोकातून ते जगत होतं. बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

काकूंना सांगितलं, त्यांनाही धक्का बसला. त्यांनी ते असंच बसवलेलं विकत घेतलं होतं.

सध्या गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलाय. पुढे काय करू? लवकर सांगाल का प्लीज?

प्रतिसाद

हीच शंका होती मला. आता थांबायचा प्रश्नच नाही, आजच नवीन कुंडीत लावा. "खचलेल्या झाडाला हलवू नये" हा नियम चांगल्या मातीत असलेल्या झाडासाठी आहे. इथे दुखण्याचं मूळच कुंडीत आहे.

पिशवी ओढून काढू नका. वरून खाली उभी कापा आणि भोकांभोवती कात्रीने मोकळी करा. ती जाड मुळं अलगद सुटली तर ठेवा. मग गोळा साध्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं बुडवा, आता पाणी आत शिरेल. त्यानंतर बोटांनी बाहेरची मुळं सोडवत जा. गोल गोल वेढे घेतलेली मुळं तशीच ठेवली तर नवीन कुंडीतही ती फिरत राहतात आणि पुढे जाड होऊन एकमेकांनाच आवळतात. सुटत नसतील त्या ठिकाणी स्वच्छ धारदार सुरीने तीन-चार उभे काप द्या, सेंटीमीटरभर खोल. काळी, मऊ, कुजका वास येणारी मुळं दिसली तर तेवढी काढून टाका. पांढरी किंवा तपकिरी पण टणक असतील ती चांगली.

प्रतिसाद

मोह होईल, पण फार मोठी कुंडी घेऊ नका. आताची ८ इंची आहे तर १० इंची पुरे. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओलीच राहते, तेवढं पाणी ओढायला मुळं नसतात आणि मग मूळकूज. मातीचे दोन भाग, कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत एक भाग, परलाइट (पांढरे, हलके खडे) किंवा जाड वाळू एक भाग. खोड आधी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा. तळाला दोन इंच खडी घाला म्हणजे निचरा होईल.

प्रतिसाद

बाकी सगळ्याला अनुमोदन, खडीला नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. ओला थर खडीच्या वर अडून राहतो, म्हणजे उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरीचा तुकडा एवढंच ठेवा. निचरा हवा तर पूर्ण मिश्रणच भुसभुशीत करा.

आणि शेंडा आत्ता छाटू नका. सात पानं हीच त्याची सगळी कमाई आहे, मुळं त्यावरच नव्याने वाढणार आहेत.

पानामागचे ठिपके म्हणजे खवले कीड. ती रस शोषते आणि चिकटा सोडते. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक पुसून काढा. दर आठवड्याला पुन्हा तपासा, कारण पिल्लं डोळ्यांना सहज दिसत नाहीत. महिनाभर बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवा.

धागाकर्ती

लावलं. सव्वा तास लागला. दोन जागी काप द्यावे लागले, बाकीची मुळं बोटांनी सुटली. ते जाड मूळही शाबूत राहिलं. पाणी घातलं तर या वेळी ते वर क्षणभर थांबलं, मग हळूहळू आत मुरलं आणि खूप वेळाने खालून थेंब थेंब आलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

धागाकर्ती (सहाव्या दिवशी)

दोन पानं पिवळी पडून गळली. आता पाचच आहेत. काही चुकलं का?

प्रतिसाद

नाही. फायकसच्या जातीची (वड, पिंपळ, रबर) झाडं जागा बदलली, उजेड बदलला की पानं टाकतात, इथे तर मुळंही हलली आहेत. सगळ्यात खालची, जुनी पानं गळत असतील तर काळजी नको. शेंडा मऊ पडून काळा व्हायला लागला तर मात्र लगेच कळवा. आणि काळजीपोटी रोज पाणी घालू नका. बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तरच घाला.

धागाकर्ती (सात आठवड्यांनी)

आज सकाळी शेंड्याला लालसर, टोकदार सुरळी दिसली! पहिल्यांदा कळीच वाटली. वाचल्यावर समजलं की ते उपपर्ण, आतल्या गुंडाळलेल्या पानाचं आवरण. आणि खाली, सुतळीच्या खाचेच्या चार बोटं खाली, दांड्यावर मुगाएवढा हिरवा डोळा फुगलाय. जिथे वर्षानुवर्षं काही नव्हतं तिथे. उरलेली पाच पानं तशीच आहेत. खवले कीड गेले तीन आठवडे दिसलेली नाही.

काकूंना फोटो पाठवला. त्यांनी विचारलंय, याचं एक रोप त्यांच्यासाठी होईल का? मला फार मनापासून द्यायचंय त्यांना. वरचा लांब दांडा आहेच, गुटी बांधता येईल ना, म्हणजे दांडा झाडावर असतानाच त्याला मुळं फोडून रोप करता येईल ना? कधी बांधू?

प्रतिसाद

वा, ताई! नक्की होईल, रबराला गुटी छान लागते. फक्त अजून तीन-चार नवी पानं पूर्ण उघडू द्या. त्यानंतर खाचेच्या वर, पानांच्या खाली एक सरळ जागा निवडा, इंचभर रुंद साल गोल काढा आणि चीक पुसून घ्या. ओलं करून पिळलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) मूठभर लावा, वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं बांधा. पारदर्शक प्लास्टिक घ्या, म्हणजे मुळं आलेली बाहेरून दिसतील. मॉस सुकू देऊ नका. दीड-दोन महिने धरून चला. मुळांचं जाळं भरलेलं दिसलं की त्याच्या खाली कापा. खालच्या दांड्यावरचा तो मुगाएवढा डोळाही तेव्हा जोमाने फुटेल.

आणि काकूंचं रोप कुंडीत लावताना प्लास्टिक आठवणीने काढा.