मदत हवी आहे: एकाच देखण्या सागाचं बी पेरलं, २०० पैकी १३ उगवली

नमस्कार मंडळी,

वनीकरणात मी नवखी आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. एका उघड्या पडलेल्या उतारावर आम्ही आठ-दहा जण मिश्र झाडी पुन्हा उभी करतोय. बाकीच्या जातींची रोपं मार्गी लागली, घोडं अडलंय सागावर. सागाची ४,००० रोपं हवीत आणि बी स्वतःच गोळा करायचं असं ठरलंय.

उताराच्या पायथ्याला मोकळ्या जागेत एक साग एकटाच उभा आहे. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही, आणि फळं इतकी धरतो की खाली सडा पडलेला असतो. असं झाड हाताशी असताना आणखी कुठे शोधायचं, म्हणून दोन पोती भरून आणली. एवढ्या मोठ्या झाडाची पोरंही मोठीच होणार, असा सरळ हिशेब.

परीक्षा म्हणून २०० फळं वाफ्यात टाकली. सहा आठवड्यांत १३ उगवली. पाणी वेळेवर दिलं, सावलीची जाळी लावली, माती भुसभुशीत केली. आता कळत नाही की चूक पेरण्यात झाली, बियाण्यात आहे, की झाडातच काही खोट आहे. कोणी सागाचं बी हाताळलं असेल तर सांगा. दोन पोती तशीच पडून आहेत.

कोंभ:

पहिली गोष्ट, ती सावलीची जाळी आजच काढा. सागाच्या बियाला ऊन लागतं, ३०-३५ अंशांची ऊब लागते. सावलीत ते नुसतं पडून राहतं.

दुसरी गोष्ट, आपण ज्याला सागाचं बी म्हणतो ते खरं तर अख्खं फळ असतं. वर नमद्यासारखं तपकिरी आवरण, आत दगडासारखं कवच आणि त्यात चार कप्पे. कप्प्यांत चार बिया असू शकतात, एखादी असेल, किंवा एकही नसेल. ते कवच मऊ पडल्याशिवाय कोंब बाहेर येत नाही. त्यासाठी रात्रभर पाण्यात भिजवायचं, दिवसा कडक उन्हात पसरायचं, असं आठ-दहा दिवस आलटून पालटून. शिवाय ताज्या फळांपेक्षा वर्षभर कोरडी ठेवलेली फळं बरी उगवतात. तुम्ही ताजीच पेरली ना?

धागाकर्ती:

हो, ताजीच. आणि एक रात्र भिजवली फक्त. म्हणजे चूक पेरण्यातच होती तर! हायसं वाटलं. उरलेल्या पोत्यांवर आता तुम्ही सांगितलेली प्रक्रिया करते.

रोपवाटिकेतला जुना:

ताई, जरा थांबा. दोन पोती भिजवण्याआधी पन्नास फळं कापून बघा. छाटणीची मोठी कात्री घ्या, फळ आडवं धरून मधोमध कापा. कप्प्यात पांढरी, भरलेली, घट्ट बी दिसली तर ती जिवंत असण्याची आशा. कप्पा रिकामा असेल किंवा आत काळपट भुगा असेल, तर त्या फळाला गंगेत भिजवलंत तरी काही उपयोग नाही.

हे सांगतोय कारण तुम्ही लिहिलंय की झाड एकटं आहे. तिथेच माझी शंका आहे.

धागाकर्ती:

कापली. ५० पैकी ३४ पूर्ण रिकामी! १४ मध्ये एकेक बी, दोनांत दोन-दोन. हाताला फोड आले ते वेगळंच. पण झाड तर फळांनी लगडलेलं असतं, मग आत बी का नाही?

बीजगणित:

(नाव बघून हसू नका, दोन्ही बाजूंनी खरं आहे.)

सागाच्या फुलोऱ्यात हजारो फुलं असतात. प्रत्येक फूल जेमतेम एक दिवस टिकतं आणि त्यातून पक्वं फळ होण्याचं प्रमाण साधारण १ ते २ टक्के. परागकण नेतात कीटक, आणि साग स्वतःचे परागकण सहसा स्वीकारत नाही. आसपास दुसरा साग नसेल तर कीटक त्याच झाडाचे कण त्याच झाडावर फिरवत राहतात. अशा परागीभवनातून बहुतेक फळं लहानपणीच गळतात आणि जी टिकतात त्यांच्यात पोकळ फळांचं प्रमाण वाढतं. झाड अवाढव्य असेल तर १-२ टक्क्यांतला तुकडाही सडा पाडायला पुरतो, म्हणून तुमची फसगत झाली.

आता त्या देखणेपणाबद्दल. मोकळ्यावरचं झाड जाड होतं कारण त्याच्या वाट्याचं ऊन, पाणी कोणी खात नाही. त्यातलं किती त्याच्या जनुकांचं आणि किती नशिबाचं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणूनच वृक्षसुधारणेत निवडक झाड, ज्याला प्लस वृक्ष म्हणतात, नेहमी घोळक्यातून निवडतात: त्याच वयाच्या, त्याच जमिनीवरच्या शेजाऱ्यांपेक्षा ते सरस ठरलं पाहिजे. आणि तरीही तो अंदाजच. खात्री होते ती त्याची संतती आणि इतरांची संतती शेजारीशेजारी लावून, काही वर्षं मोजल्यावर. उंची आणि घेर यांची आनुवंशिकता बहुतेक झाडांत कमीच निघते, लाकडाच्या घनतेची बरीच जास्त. म्हणजे डोळ्यांत भरतं तेच पोरांत उतरण्याची खात्री सगळ्यात कमी.

सागाचं आणखी एक. फुलोरा शेंड्यावर येतो. पहिल्यांदा फुललं की तो शेंडा संपतो आणि खोड तिथे दुभंगतं. उशिरा फुलणाऱ्या झाडाला लांब, सरळ सोट मिळतो. पण लवकर फुलणारी झाडं बीही लवकर देतात, आणि बुटकी, फांद्या खाली असलेली झाडं चढायला सोपी. गोळा करणाऱ्याच्या पिशवीत कोणाचं बी जास्त जाणार, सांगा! कोणाचा वाईट हेतू नसताना पिढ्यान्‌पिढ्या उलटी निवड होत राहते.

घाईत:

एवढा खल कशाला? टिश्यू कल्चरची रोपं आणा. सगळी एकसारखी, सरळसोट. बी, उगवण, कात्री, सगळी कटकट मिटली.

बीजगणित:

लाकडासाठी लागवड असती तर मीही कदाचित हेच म्हणालो असतो. पण ताईंना जंगल हवंय, जे पुढे स्वतःचं बी स्वतः पाडेल. एकाच क्लोनची ४,००० झाडं म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकच झाड ४,००० ठिकाणी उभं. ती एकमेकांत फुलली तरी ते स्वपरागीभवनच. तुम्ही पायथ्याच्या एकट्या सागाचीच अडचण अख्ख्या उतारावर पसरवाल.

बियाणं एकाच झाडाचं असलं तरी काटा थोडाच हलतो. ती सगळी रोपं किमान सावत्र भावंडं. त्यांच्या आपापसातल्या संततीत अंतःप्रजननाचा गुणांक (जवळच्या नात्यातल्या संकराचं माप) १/८ येतो, सख्ख्या भावंडांत १/४. पहिल्या पिढीला काही दिसत नाही, फटका बसतो पुढच्या पिढीला. १९६६ साली मलेशियातल्या साबाहमध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडहून अकेशिया मॅन्जियम हा वृक्ष नेला, तो अगदी मोजक्या झाडांच्या बियांवर. जोमाने वाढला, मग त्याच लागवडीतून पुढचं बी घेतलं गेलं, आणि पुढच्या पिढ्यांची वाढ घटल्याचं दिसलं. नंतर पापुआ न्यू गिनीहून आलेल्या वाणांनी चाचण्यांत त्याला सहज मागे टाकलं.

धागाकर्ती:

पटलं. त्या सागाखाली बसायचं, बी दुसरीकडून आणायचं. पण मग किती झाडांवरून? कोणी १० सांगतं, कोणी ५०.

बीजगणित:

आकडा हवेतून आलेला नाही, स्वतः काढून बघा. समजा एखादं जनुकरूप (म्हणजे एकाच जनुकाचा एखादा प्रकार) जंगलात फक्त ५ टक्के आहे, पण उद्या एखाद्या रोगाला तेच पुरून उरणार आहे. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. एका झाडावरून बी घेतलंत तर मादीकडून ते जनुकरूप हाती लागण्याची शक्यता जेमतेम १० टक्के. पाच झाडांवरून ४० टक्के. ३० झाडं, म्हणजे ६० प्रती घेतल्यात तर ९५ टक्के. त्यापुढे झाडं वाढवून फायदा होतो पण हळूहळू. म्हणून २५ ते ३० हा आकडा सगळीकडे दिसतो. परागकणांकडून येणारं वैविध्य वर बोनस.

पण ३० झाडं निवडणं हा निम्माच खेळ. निम्मं पोतं एकाच फळाळ झाडाचं असेल आणि बाकी निम्म्यात २९ झाडं, तर हिशेबाने ते फक्त चारच्या आसपास झाडांइतकं ठरतं. चारच! म्हणून प्रत्येक झाडाचं वेगळं मोजायचं आणि सारखं घ्यायचं. निवडलेल्या झाडांत एकमेकांपासून ५०, जमलं तर १०० मीटर अंतर ठेवा, कारण सागाची फळं फार लांब पडत नाहीत. शेजारी उभी असलेली झाडं बरेचदा एकाच आईची असतात.

रोपवाटिकेतला जुना:

हे ऐकून घाबरू नका ताई, हिशेब मांडला तर काम सोपं आहे. ४,००० रोपं. वाफ्यातून निवडताना चौथा हिस्सा बाद धरा, म्हणजे ५,३०० च्या वर उगवली पाहिजेत. उगवण ३० टक्के धरली तर सुमारे १७,८०० फळं. ३० झाडांत वाटली तर दर झाडामागे ६०० फळं, धड अर्धा किलोही भरणार नाही. एका माणसाचं तासाभराचं काम. दोन पोती ओढण्यापेक्षा हलकंच.

फळं गळायला लागल्यावर पहिला सडा सोडून द्या, त्यात किडकी आणि पोकळ जास्त असतात. मुख्य गळ सुरू झाली की जमीन झाडून घ्या आणि त्यानंतर पडलेली उचला. प्रत्येक झाडाखाली दहा फळं कापून बघायची सवय लावा. ज्याची आठ पोकळ, ते झाड सोडा. पिशवीत चिठ्ठी आतही टाका आणि बाहेरही बांधा, बाहेरची हमखास गळून पडते. मी एकदा चाळीस पिशव्यांची ओळख अशी घालवली आहे.

रोपं पिशवीत वाढवण्यापेक्षा वाफ्यात वर्षभर वाढवून स्टंप करा, म्हणजे खोड-मुळं छाटून खुंट. अंगठ्याएवढी जाडी, मूळ वीतभर, खोड दोन बोटं. वाहून न्यायला सोपं आणि साग त्यातून छान फुटतो. वाफा लगेच मोडू नका, काही फळं दुसऱ्या वर्षीही उगवतात.

कोंभ:

विकत घेतलं तर चालणार नाही का? बीजबागेचं?

बीजगणित:

चालेल, मिळालं तर. तीच तर सागाची जुनी रड आहे. थायलंडमध्ये न्गाओला १९६५ पासून डॅनिश मदतीने सागसुधारणेचं केंद्र चाललं, निवडक झाडांच्या कलमांच्या बागा लावल्या, आपल्याकडेही लावल्या गेल्या. अशा बागांतून अपेक्षेच्या मानाने बी फारच कमी येतं. निरनिराळे क्लोन निरनिराळ्या वेळी फुलतात, कीटक पुरत नाहीत, आणि फुलातून फळ होण्याचं प्रमाण मुळातच तुटपुंजं. पाइनमध्ये जे तंत्र धो-धो चाललं ते सागात अडखळलं.

विकत घेताना किती किलो यापेक्षा कुठलं आणि किती झाडांचं, हे विचारा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या वनबीज योजनेत लेबलांचे चार रंग आहेत: पिवळं म्हणजे फक्त मूळ ठिकाण माहीत, हिरवं म्हणजे निवडलेल्या रानातलं, गुलाबी म्हणजे बीजबागेसारख्या निवडक पालकांचं, आणि निळं म्हणजे संतती-चाचणीतून पार पडलेलं. साधं पिवळंही, तुमच्यासारख्याच पावसाच्या आणि उंचीच्या प्रदेशातलं, खात्रीच्या ३० झाडांचं असेल तर तुमच्या कामाला मी दूरच्या निळ्यापेक्षा तेच घेईन. कोरड्या भागातला साग आणि ओल्या भागातला साग एकमेकांच्या जागी नेला की रडतो.

धागाकर्ती:

अपडेट. गेल्या चार रविवारी फिरून २३ झाडं सापडली, सगळी तीन वेगवेगळ्या रानांतली, पाऊसमान आमच्यासारखंच. प्रत्येकाला खडूने क्रमांक टाकला, कापून बघितली, पोकळ फळं दहात दोन-तीनच. केवढा फरक!

दोन शंका. क्रमांक १७ आणि १८ मध्ये जेमतेम वीस पावलं आहेत, दोन्ही फारच सुरेख आहेत, दोन्ही धरू का? आणि ती दोन पोती टाकून देऊ?

बीजगणित:

एक धरा. ज्याच्या फळांत बी जास्त भरलंय ते. उरलेली आठ झाडं चौथ्या रानात शोधा, याच तीन रानांत नको.

रोपवाटिकेतला जुना:

पोत्यांतून सहाशे फळं घ्या. एकतिसावं झाड म्हणून तो एकटा सागही चालेल, तेवढाच त्याचा वाटा. बाकीची त्याच्याच खाली पसरून टाका.

धागाकर्ती:

नव्या आठ झाडांसाठी भरपूर फळं कापावी लागतील. कात्रीला धार लावून घेते.