जांभळ्या रंगाबद्दल थोडं थांबा

ताई, १८४० च्या खान्देशातल्या शेतकरी कुटुंबावरच्या नाटकासाठी तुम्ही गडद जांभळी लुगडी ठरवली आहेत, म्हणून लिहितोय. कापड घ्यायच्या आधी रंगाचा विचार करा. तो झगझगीत जांभळा रसायनातून आला आणि त्याचा शोधच १८५६ चा. कृत्रिम लाल १८६९ नंतर, आणि कारखान्यातली नीळ बाजारात आली १८९७ मध्ये. त्याआधी आपल्याकडे लाल निघायचा आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून, निळा निळीपासून, काळा हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यापासून. यावल तालुक्यातलं फैजपूर तर लाल आणि गडद निळ्या रंगाईसाठीच नावाजलेलं होतं! तेच दोन रंग घ्या, नाटक आपल्या मातीतलं वाटेल.

आलाचा लाल मी घरी करून पाहिलाय. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, आणि शेवटी मुळ्यांच्या काढ्यात मंद आचेवर. पहिल्या खेपेला घाईत पाणी उकळू दिलं आणि रंग विटकरी झाला. तरी तो कुठल्याही दुकानी लालापेक्षा खरा दिसत होता.

पुरुषांच्या बाराबंदीला बटणं नकोत, बांधायचे बंदच हवेत. शिवण हातचीच ठेवा, निदान बाहेरून दिसते तिथे तरी. आणि शिवलेली तयार नऊवारी कृपा करून नको. साधारण सव्वाआठ मीटरचं लुगडं बायकांना नेसायला शिकवा. कासोटा घालून वाकणं, बसणं, डोक्यावर हंडा घेणं, हे सगळं त्यातूनच येतं.