पायाभोवती काळी माती नको
खोदून निघालेलीच माती घराच्या पायाभोवती परत लोटा, खर्च वाचतो, हा सल्ला मुरमाड जमिनीत चालेल. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत अजिबात नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. चोपड्याच्या आमच्या घराला तीच भरली होती. दुसऱ्याच मे महिन्यात जोत्यालगत मनगट जाईल एवढी भेग पडली आणि पहिल्या पावसाचं पाणी तिथूनच पायात उतरलं. मग सगळं उकरून मुरूम भरला, ६ इंचांचा एकेक थर पाणी मारून, धुम्मसाने ठोकून.

उष्णता रोखण्यासाठी जोत्याला बाहेरून फोमचे बोर्ड लावणार असाल, तर भरावाआधी त्यांच्यावर सिमेंट शीट उभी करा, नाहीतर मुरमातले दगड बोर्ड फोडतात. बोर्डांचा जमिनीच्या वर उघडा राहणारा भाग उन्हाने पिवळा पडून भुगा होतो. तिथे जाळी लावून प्लास्टर हवंच.