सप्टेंबरात पाळणे जास्त का हलतात: थंडीमुळे की सुट्टीमुळे?

चंद्रपूरकर
आपल्या देशात ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात बाळंतपणं जास्त होतात. नऊ महिने मागे मोजले की नोव्हेंबर ते जानेवारी येतो. लोक लगेच "थंडीचे दिवस, दुसरं काय!" म्हणून हसतात. माझं म्हणणं असं की थंडी काही वाढवत नाही, उन्हाळा कमी करतो. वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं आणि शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. म्हणजे मेच्या उन्हाची वसुली जुलैपर्यंत चालते. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पूर्वी एप्रिल-मेमध्ये जन्म एकदम घटायचे, कारण आदल्या उकाड्यात दिवसच राहत नसत. घरोघरी एसी आले आणि ती घट बरीच कमी झाली. अजून काय पुरावा पाहिजे?

कोकणातला
एसी आले त्याच सुमारास गर्भनिरोधक गोळ्याही आल्या की. त्यांना साक्षीला बोलवायचं नाही का?
रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. का? पुरुष मुंबईत, घरकारीण गावी. चाकरमानी येणार गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आंबे खायला. नवराच घरात नसेल तर हवा कितीही गार असून उपयोग काय? थर्मामीटर ठेवा बाजूला, एसटीचं रिझर्व्हेशन बघा.

मेलबर्नची_मावशी
कोकणातल्याला +१. इकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. तरी ऑस्ट्रेलियात सर्वात जास्त वाढदिवस १७ सप्टेंबरच्या आसपास, आणि इंग्लंड-वेल्समध्ये २६ सप्टेंबरला. ऋतू उलटे, नाताळ एकच. बोला आता.

चंद्रपूरकर
मावशी, मेलबर्नचा उन्हाळा आणि आमचा उन्हाळा एका तागडीत नका घालू. शिवाय नाताळची सुट्टी आठवडा-पंधरवड्याची, आपल्याकडचा फुगवटा तीन महिन्यांचा. एवढी लांब दिवाळी कोणाला मिळते, मलाही पत्ता द्या.

निवृत्त_गुरुजी
दोघंही मुहूर्त विसरलात. चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीच्या लग्नानंतर सुरू, आणि गर्दी एप्रिल-मेमध्ये. म्हणजे पहिलटकरणी फेब्रुवारी-मार्चपासून यायला हव्यात. उन्हाचा एवढा दरारा असता तर ही पहिली खेप आलीच नसती.
आणि तारखांवर तर भरवसाच ठेवू नका. आमच्या वेळी दाखल्याला आलेल्या पोराची जन्मतारीख विचारली की बाप म्हणायचा, "त्या पुराच्या साली झाला." मग आम्ही १ जून लिहून मोकळे. अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय!

वॉर्ड_नंबर_चार
गुरुजी, ती शाळेची तारीख. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, वेळेसकट नोंद होते. तिथे १ जून चालत नाही.
मी प्रसूती वॉर्डात सिस्टर आहे. पहिलटकरणी लग्नसराईच्या हिशोबाने येतात हे खरं, पण त्या म्हणजे सगळा वॉर्ड नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईला मुहूर्ताशी काय देणंघेणं? त्यामुळे मी निम्मी चंद्रपूरकरांच्या बाजूने. मात्र तुम्ही सगळे दिवस कधी राहतात यावरच भांडताय. जून-जुलैत बाळंत होणारी बाई शेवटचे महिने उन्हात काढते, पत्र्याच्या घरात, लांबून पाणी आणून. उष्णतेने अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. त्यावर एक ओळ नाही कुणाची.

कोकणातला
सिस्टर, मान्य. पण सप्टेंबरात गर्दी होते का खरंच?

वॉर्ड_नंबर_चार
खाटा भरतात, मग खाली गाद्या टाकतो. त्यातच डेंग्यू-मलेरियाचे दिवस, रक्ताची धावाधाव. तुमचे चाकरमानी गणपतीला गावी जातात ना, आमच्याकडे त्याच आठवड्यात रजा बंद. यंदाही गौरी-जेवणाचा अर्ज टाकलाय, मेट्रनबाईंनी अजून सही केलेली नाही.