एकदा मान्य झालेला करार पुन्हा उघडता येतो का? (संदर्भ: ब्रेक्झिट)

चौकस:
ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं त्यावर, वाचतोय आणि एका ठिकाणी गाडं अडलंय. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान टेरीसा मे यांनी युरोपीय संघाशी करार केला, उरलेल्या २७ देशांनी मान्यता दिली. १५ जानेवारी २०१९ ला तो त्यांच्याच संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला. बदल मागायला त्या पुन्हा ब्रसेल्सला, संघाच्या मुख्यालयी, गेल्या, तर उत्तर एकच: मसुदा उघडणार नाही. एप्रिलमध्ये मुदतवाढ देताना संघाने ते लेखी अटीतच घातलं. आणि ऑक्टोबरात त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन गेले तेव्हा तोच मसुदा उघडला! मग आधीचं सगळं नुसती हूल होती का? की मे कच्च्या पडल्या?

निशिगंधा:
कच्च्याच पडल्या. जॉन्सननी सरळ सांगितलं, करार होवो न होवो, ३१ ऑक्टोबरला बाहेर. त्या दमाला संघ वचकला. एवढं सोपं आहे.

तात्या वाटाघाटे:
निशिगंधाताई, दमाचं मला पटत नाही. मी बरीच वर्षं कामगार संघटनेकडून व्यवस्थापनासमोर बसलोय. कोण काय बोललं यापेक्षा शेवटी कागदावर काय उतरलं ते आधी बघायची सवय लागली आहे.

तर कागद बघा. भांडण सगळं 'बॅकस्टॉप'वर होतं. संघात राहणारा आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड यांच्या सीमेवर पुन्हा चौक्या उभ्या राहू नयेत म्हणून, दुसरा तोडगा निघेपर्यंत अख्खं ब्रिटन संघाबरोबर एकाच सीमाशुल्क क्षेत्रात राहणार, असं मे यांच्या करारात होतं. पण संघाचा फेब्रुवारी २०१८ चा पहिला मसुदा तसा नव्हताच. त्यात फक्त उत्तर आयर्लंड आत राहणार होतं. कुठलाही ब्रिटिश पंतप्रधान हे मान्य करणार नाही, असं तेव्हा मे म्हणाल्या होत्या.

जॉन्सननी बव्हंशी तेच मान्य केलं! उत्तर आयर्लंड कागदोपत्री ब्रिटनच्या सीमाशुल्क क्षेत्रात, पण मालाची तपासणी आयरिश समुद्राच्या बंदरांवर. पदरात नवं पडलं ते म्हणजे ही व्यवस्था चालू ठेवायची की नाही, यावर ठरावीक वर्षांनी उत्तर आयर्लंडच्या विधानसभेचा कौल. ती खरी कमाई, नाकारत नाही. पण संघाने दार उघडलं ते माणूस त्यांच्याच जुन्या जागेवर येऊन उभा राहिला म्हणून. करारातली बाकीची शेकडो पानं जवळपास जशीच्या तशी राहिली.

मे काय घेऊन गेल्या होत्या? २९ जानेवारीला संसदेने ३१७ विरुद्ध ३०१ मतांनी ठराव केला: बॅकस्टॉप काढा, त्याजागी 'पर्यायी व्यवस्था' आणा. कुठली, ते कुणालाच धड सांगता येईना. "सभेने फेटाळलं हो" एवढ्यावर समोरचा हलत नाही. तो विचारतो, कशावर पास होईल ते बोला, आणि ते पास होईलच याचा भरवसा कोण देणार? मला हा प्रश्न तोंडावर विचारलेला आहे, फार वाईट असतो. मे यांचं सरकार डीयूपीच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडला ब्रिटनपेक्षा वेगळं वागवायला विरोध करणाऱ्या तिथल्याच पक्षाच्या, १० खासदारांच्या टेकूवर उभं होतं, भरवसा देणार कुठून? सप्टेंबरात जॉन्सननी आपलेच २१ खासदार पक्षातून काढले, बहुमत तसंही गेलं, मग त्या १० जणांना दुखवायला भीती कसली?

पिंपळपान:
मसुद्याला हात न लावताही मार्ग निघतो. डेन्मार्कच्या जनतेने जून १९९२ मध्ये मास्ट्रिक्ट करार, म्हणजे युरोपीय संघ स्थापन करणारा करार, नाकारला. करार तसाच ठेवला, डिसेंबरात एडिंबरोला डेन्मार्कपुरत्या ४ सवलती वेगळ्या कागदावर दिल्या आणि मे १९९३ च्या सार्वमतात तोच करार पास झाला.

तात्या वाटाघाटे:
बरोबर. मे यांनीही ११ मार्चला स्ट्रासबर्गहून असाच जोडकागद आणला. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच अॅटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा सल्लागार जेफ्री कॉक्स यांनी, बॅकस्टॉपमध्ये अडकून पडण्याचा कायदेशीर धोका होता तसाच आहे असं मत दिलं. संध्याकाळी करार पुन्हा पडला, १४९ मतांच्या फरकाने.

चौकस:
तात्या, आता उलगडलं. पण मग जॉन्सनच्याच सरकारने पुढे तोच प्रोटोकॉल, म्हणजे करारातला उत्तर आयर्लंडचा भाग, बदला म्हणून का धोशा लावला? सही तर त्यांचीच!

तात्या वाटाघाटे:
सही करताना घाई निवडणुकीची होती, ती डिसेंबरात ८० च्या बहुमताने जिंकलीही. बंदरांवरची तपासणी नंतर बोचायला लागली. २०२२ मध्ये प्रोटोकॉलचे भाग एकतर्फी बाजूला सारायचं विधेयक आणलं, संघाने उलट कायदेशीर कारवाई सुरू केली. पुढे ऋषी सुनक पंतप्रधान झाले, त्यांनी ते विधेयक सोडून द्यायची तयारी दाखवली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडसर फ्रेमवर्क ठरलं: उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी मार्गिका, पुढे संघात जाऊ शकणाऱ्या मालाला लाल. बदल करारातल्याच संयुक्त समितीच्या निर्णयाने केले. त्या समितीच्या अधिकारांचं कलम वाचा, निशिगंधाताईंनीही वाचावं.