काउंटरवर वाद न होता काम कसं करून घ्यावं?

पिशवीवाला
मोठ्या दुकानात तीन वेळा हमखास खटका उडतो: रॅकवरची किंमत बिलाशी जुळत नाही तेव्हा, माल परत करताना, आणि सुट्ट्या पैशांवरून. ग्राहक आवाज चढवतो, पलीकडून "सिस्टीम घेत नाही" एवढंच उत्तर येतं आणि मागची रांग खोळंबते. काउंटरच्या आतलं काम ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा: कॅशियरच्या हातात नेमकं काय असतं, आणि काय, कधी विचारलं की काम होतं? "गोड बोला" हा सल्ला सोडून काहीही चालेल.

गल्ला नंबर चार
किंमतीचं आधी. पैसे भरण्यापूर्वी बोललात तर ती एक ओळ बिलातून काढणं हे मिनिटभराचं काम आहे. काही ठिकाणी कॅशियर स्वतः काढतो, काही ठिकाणी सुपरवायझरचा कोड लागतो. पैसे भरले की तीच गोष्ट 'परतावा' होते: वेगळी पावती, वेगळी सही, बहुतेक वेळा वेगळा काउंटर. म्हणून स्कॅन होत असताना मोबाईलमध्ये न बघता स्क्रीनकडे बघा.

मात्र सवलत बऱ्याचदा वस्तूच्या ओळीत दिसतच नाही, सगळा माल स्कॅन झाल्यावर खाली एकत्र वजा होते. तेव्हा बेरीज दाबेपर्यंत थांबा, मगच विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

कार्डाने भरलेले पैसे रोख मागू नका. चोरीच्या कार्डावर खरेदी करून माल परत द्यायचा आणि नोटा घेऊन पसार व्हायचं, ही जुनी युक्ती आहे. म्हणून पैसे त्याच कार्डावर जातात. त्या दिवसाचा हिशेब बँकेकडे जाण्यापूर्वी व्यवहार रद्द झाला तर रक्कम कापलीच जात नाही, अडकलेली तेवढी मोकळी होते. हिशेब गेल्यावर मात्र परतावा हा नवा व्यवहार ठरतो आणि त्याला कामाचे काही दिवस लागतात. कॅशियरने बटण जोरात दाबलं म्हणून ते कमी होत नाहीत. परताव्याची पावती तेवढी घ्या. पैसे आले नाहीत तर बँक तिच्यावरच्या नंबरावरून माग काढते.

बारकोडवाचक
किंमत का चुकते, ते सांगतो. पाकिटावरच्या १३ आकडी बारकोडमध्ये किंमत नसतेच, फक्त वस्तूचा नंबर असतो. मशीन तो नंबर घेऊन दुकानाच्या यादीतली किंमत उचलतं. यादी रात्रीत बदलते, रॅकवरची कागदी पट्टी मात्र सकाळी माणसाला बदलावी लागते. ऑफर संपलेल्या दिवशी सकाळी, दुकान उघडता उघडता, सर्वात जास्त गफलती होतात त्या यामुळे.

दुसरं कारण याहून साधं: माल शेजारच्या खणात सरकलेला असतो. बऱ्याच पट्ट्यांवर वस्तूचा नंबर बारीक अक्षरात छापलेला असतो. त्याचे शेवटचे चार-पाच आकडे पाकिटावरच्या नंबराशी ताडून बघा. जुळले नाहीत तर ती पट्टी त्या वस्तूची नाही. जुळले तर पट्टीचा फोटो काढा आणि काउंटरवर तो दाखवा. नुसतं "तिथे कमी लिहिलंय" म्हटलं की कोणाला तरी रॅकपर्यंत पळावं लागतं, आणि रांगेचा राग तुमच्यावर निघतो.

आणखी एक नेहमीची कटकट: "सिस्टीममध्ये दोन नग दाखवतंय, मग आणून द्या." साठा एक-दोन दिसत असेल तर बहुधा ते नग नसतातच. चोरी, फुटतूट ही कारणं आहेतच. शिवाय एकाच किंमतीचे चार वेगवेगळे वास असलेले साबण आले की घाईत एकच स्कॅन करून 'गुणिले ४' मारलं जातं. मग एका वासाचा साठा तीनने जास्त कमी होतो आणि उरलेल्या तिघांचा एकेक नग कागदावर जिवंत राहतो. पोऱ्या गोदामात जाऊन हात हलवत परत येतो, यात त्याचा आळस नसतो. "पुढचा माल कधी यायचाय?" हे विचारा, त्याला उत्तर असतं.

ड्रॉवर बंद
सुट्ट्यांबद्दल. गल्ल्याचा ड्रॉवर बहुतेक ठिकाणी विक्री झाल्याशिवाय उघडत नाही, किंवा उघडला तर त्याची नोंद होते. म्हणून नुसते सुटे मागितले की नकार मिळतो. माज वगैरे काही नसतो.

"मी मोठी नोट दिली होती" या वादावर खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे जागच्या जागी गल्ला मोजायला सांगणं. सुपरवायझर 'एक्स रिपोर्ट' काढतो, म्हणजे त्या क्षणापर्यंत गल्ल्यात किती रोकड हवी याचा आकडा. सकाळी ठेवलेले सुटे वजा करून मोजलं आणि नेमकी वादाची रक्कम जास्त निघाली, तर ग्राहक बरोबर. तंतोतंत जुळलं तर ग्राहकाचा घोळ. तासाभराने मागणी केलीत तर मधल्या व्यवहारांतल्या चुका मिसळतात आणि काहीच सिद्ध होत नाही.

कॅशियर मंडळींनीही एवढं पाळावं: घेतलेली नोट सुटे देऊन होईपर्यंत ड्रॉवरच्या बाहेर, डोळ्यांसमोर ठेवायची आणि रक्कम मोठ्याने म्हणायची. मग हा वाद उद्भवतच नाही.

पाळीप्रमुख
वरचं सगळं पटलं, पण दोष दुकानाकडेही आहे. "पॉलिसी नाही" हे उत्तर नव्हे. उत्तरात तीन गोष्टी हव्यात: मी काय करू शकतो, उरलेलं कोण करू शकतं, किती वेळ लागेल. आणि चिडलेल्या माणसाला "शांत व्हा" म्हणू नये, त्याने कोणीही शांत झालेलं नाही. त्याला रांगेतून बाजूच्या काउंटरवर न्यावं. बघे असले की दोघांनाही माघार घेणं जड जातं.

सर्वात वाईट काय, तर कॅशियरने नियमाप्रमाणे नाही म्हणायचं आणि सुपरवायझरने येऊन सगळ्यांदेखत हो म्हणायचं. ग्राहक एवढंच शिकतो की ओरडलं की काम होतं. अपवाद करायचाच असेल तर "यांनी सांगितलं ते बरोबर आहे, माझ्या अधिकारात या वेळी देतो" असं म्हणावं. त्याहून उत्तम, छोट्या रकमेपर्यंतचा अधिकार कॅशियरलाच द्यावा. शिवीगाळ झाली तर एकदा स्पष्ट ताकीद, मग सेवा बंद. तिथे अपवाद नाही.

पिशवीवाला
फारच कामाचं, आभार. दोन उपप्रश्न: पावती हरवली तर? आणि तोलून घेतलेल्या मालाचा भाव चुकला तर?

बारकोडवाचक
पावती: तारीख, अंदाजे वेळ, काउंटर नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले तर व्यवहार बहुधा सापडतो. रोखीने घेतलं असेल तर अवघड. पावतीचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात अक्षरं उडतात. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

तोललेला माल: त्या स्टिकरवरचा कोड सहसा २ ने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा किंमत थेट भरलेली असते. किंमत भरलेली असेल तर यादी बदलली तरी जुना स्टिकर जुनीच किंमत दाखवणार. कॅशियरशी भांडू नका, काट्यावर परत जाऊन नवा स्टिकर लावून आणा.