मदत हवी आहे: स्पिरुलिनाचा निळा रंग टिकत नाहीये

घरच्या टाकीतल्या स्पिरुलिनापासून (निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ) फायकोसायनिन, म्हणजे त्यातला निळा रंग, काढतोय. ओला गाळ तीनदा गोठवून-वितळवून, पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो, मग गाळतो. रंग झकास उतरतो, बाजूने उजेड पडला की लालसर चमकतो. कुल्फीत छान बसला. श्रीखंडात गुठळ्या झाल्या. आंबटपणा नडला, तो नाद सोडला.

अडचण साठवणीची आहे. काळ्या बाटलीत ४ अंशांवर ठेवूनही पाचव्या दिवशी फिका पडतो, वास मारतो. उष्णतेने रंगच जातो, म्हणून पाश्चरायझेशन बाद. फ्रीझ-ड्रायर (गोठवून सुकवायचं यंत्र) नाही. खाण्यात वापरायचाय, तेव्हा सोडियम अझाइड (प्रयोगशाळेतलं विषारी जंतुरोधक) सुचवू नका! भरपूर साखर घालून कुणी टिकवलाय का? लिटरला किती घातली, आणि किती दिवस टिकला?